काका पहिलाच शब्द द्यायचे

प्रॉम्प्टर काका भाजीवाल्याशीसुद्धा कुजबुजत बोलायचे. तो बिचारा ठेल्यावरून वाकून कान पुढे करायचा, "क्या बोले, दादाजी?" जन्मभर इंदूरच्या मराठी नाटकांत विंगेत बसले, नट अडला की त्याला पुढचं आठवून द्यायचं, बस. मोठा आवाज त्यांच्या गळ्यातून निघायचाच नाही.

मी शेजारच्या देवास गावचा, मास्तरांच्या नकला करून मार खात शिकलेला. इंदूरला स्नेहलतागंजच्या हॉलमध्ये तालमीला गेलो आणि पहिल्याच दिवशी काकांची नक्कल केली. सगळे लोळले. काका म्हणाले, "आवाज जमला, भिया. पण तू पूर्ण वाक्य देतोस. पहिला शब्द द्यायचा. बाकी त्याचं त्याला सापडू दे."

नाटक जुनंच, दर दोन-चार वर्षांनी आम्ही करायचो ते. खोटी बातमी ऐकून नायिका विष घेते. नायक मागून पोचतो. ती म्हणते, "उशीर झाला खरा, पण आलात ना," आणि मरते. पब्लिक रुमाल काढते. काका मात्र चिडायचे. "विष काय, एकदाच प्यायचं. प्रेम दुसऱ्या अंकात आहे. ती रोज त्याचं ताट वाढून वाट बघते. तिथे कोणी टाळी नाही वाजवत."

ही नायिका एके काळी काकूच करायच्या. आता त्यांना काही आठवत नव्हतं. एकदा मी त्यांच्याकडे पोहे खात होतो, तर काकू चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. काका हळूच म्हणाले, "देवास..."

"देवासचा नकल्या ना हा?" काकू हसल्या.

मी विचारलं, "काका, सरळ सांगून का नाही टाकत?"

"मी सांगितलं तर ते माझं झालं रे. तिला तिचं सापडायला हवं."

यंदा थंडीत काका गेले. झोपेत, आवाज न करता. तेराव्यानंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. "आई दोन दिवस जेवली नाहीये. बाबा आले की जेवते, म्हणते. गेले सांगितलं की रडते, विसरते, परत विचारते."

भर दुपारी गेलो. काकू दोन ताटं वाढून बसलेल्या. मी दाराच्या पडद्याआड उभा राहिलो. काकांच्या आवाजात म्हटलं, "उशीर..."

काकूंनी मान वळवली नाही. नट प्रॉम्प्टरकडे बघत नसतो.

"उशीर झाला खरा," त्या म्हणाल्या, "पण आलात ना." आणि घास उचलला.

काकांची नक्कल मी आता तालमीत करत नाही. दुपारी करतो, पडद्याआडून, एकच शब्द.