समुद्राचा तळ आडवा सरकतो तेव्हा

आईचा पोळपाट मी कपडे भिजवायच्या टबात घातला, त्या दिवशी पनवेलच्या आमच्या घरात खरा भूकंप झाला. "पोळपाट हाय तो! साबनाच्या पान्यात घालतेस?" असं ओरडत आई लाटणं हातात घेऊनच न्हाणीघरात आली. मी म्हटलं, साबण नाहीये त्यात, जरा थांब. पोळपाट तिरका धरून तळाशी टेकवला आणि वर अजिबात न उचलता नुसता पुढे रेटला. त्याच्यापुढचं पाणी फुगलं आणि काठावरून थेट आईच्या पायांवर सांडलं. मला तेवढंच पाहायचं होतं.

समुद्राखाली मोठा भूकंप झाला की तळ कसा हलतो, याचं गणित मी संगणकावर मांडते. तळ उचलला गेला की वरचं पाणी उचललं जातं आणि ते पसरू लागलं की त्सुनामी. इथवर सगळ्यांना मान्य. पण तळ आडवाही सरकतो, आणि जिथे तो उतरता असतो तिथे उतारच पाण्याला रेटतो. खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेतला प्रोग्राम मात्र वर्षानुवर्षं सांगत होता की या आडव्या सरकण्याने लाट किंचित कमी होते. कमी कशी होईल? माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून तर पोळपाट.

हा प्रोग्राम आमच्याकडे वारसाहक्काने चालत आलेला. पीएचडी झालेला विद्यार्थी तो पुढच्याच्या हवाली करायचा आणि बजावायचा, चालतोय ना, मग हात लावू नकोस. मी लावला. ओळ न् ओळ वाचत बसले, डोळे दुखेपर्यंत. समुद्राच्या नकाशात खोली मोजतात, खाली जावं तसा आकडा वाढतो. जमिनीच्या नकाशात उंची मोजतात, तिथे समुद्राचा तळ उणे असतो. कधीतरी कोणीतरी पहिला नकाशा काढून दुसरा घातला होता, बाकी सगळीकडे तसा बदलही केला होता, फक्त उताराच्या गणितात करायचा राहिला होता. म्हणजे आमचा प्रत्येक उतार उलटा! जिथे पाणी वर ढकललं जातं, तिथे आम्ही ते खाली ओढत होतो.

चिन्ह बदललं आणि अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला असलेल्या मकरानच्या किनाऱ्यालगतच्या भूकंपाचं माझं उदाहरण पुन्हा चालवलं. लाट वाढली. फार नाही, पण वाढली. मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या.

माझे मार्गदर्शक सर सगळे आकडे शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "अगं, तुझं बरोबर असेल. पण तुझ्या आधीच्या सगळ्यांचे थीसिस याच प्रोग्रामवर झालेत. त्यांचं काय करायचं? हे आडव्या सरकण्याचं चॅप्टर काढून टाक, फक्त उभी हालचाल ठेव. मी तुझ्या थीसिसवर लगेच सही करतो."

चूक आहे म्हणाले असते तर मी खुशाल वाद घातला असता. बरोबर असून काढ म्हणतात, याची मला चीड आली. किनाऱ्यावर पाणी कुठवर येईल याचे नकाशे उद्या कोणी याच आकड्यांवरून काढले तर?

डिग्री हातात आली की जवळच्याच कॉलेजात नोकरी मिळणार होती. आईला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "सही घे पैली. मंग सांग जगाला काय सांगायचा ते. आमी मिठागरावर उनात करपलो, ते तू नोकरीला लागशील म्हनून. सरांशी भांडून काय गावनार हाय?" तिचे पाय मिठाने कायमचे फाटलेत, ते मी रोज बघते.

तरीही थीसिस देण्याआधीच्या सेमिनारमध्ये मी ते चॅप्टर मांडलं. सर पहिल्या रांगेतून "पुढची स्लाइड घे" म्हणाले. मी घेतली नाही. प्रोग्राममध्ये चूक कुठे होती, तिच्यामुळे आमचे आधीचे निष्कर्ष कसे उलटे आले, सगळं सांगितलं. थीसिस तपासणाऱ्या समितीतल्या कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली.

सही अजून झालेली नाही. नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ते कळलं तेव्हा मी रडले, खोटं कशाला सांगू. आईने जेवायला वाढलं आणि ती भांडी घासायला निघून गेली. ती चुकीची आहे असं मला आजही म्हणवत नाही.

परवा सरांनी केबिनमध्ये बोलावलं. अगदी मायेने विचारलं, "आता तरी काढतेस का ते चॅप्टर? आजच सही करतो." पेन त्यांच्या हातातच होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "पाणी वर येतं. ते खाली जातं असं मी लिहिणार नाही."