सिनेमातला कारखाना बघायला सांगलीपर्यंत

मी सांगलीला गेले ती एका नटीला डोळे भरून बघायला, आणि मनातून तिला शिव्या द्यायला.

लढाईचा काळ होता. आमचे हे साताऱ्यात नांगराच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर कामाला. एका सिनेमा कंपनीने तिथे येऊन चित्रण केलं आणि नटीशेजारी मशीनवर उभं राहायला यांनाच निवडलं. शेजारणी विचारत, "अगं, तुझं मालक काय म्हनत्यात नटीबद्दल?" हे काहीच म्हणत नसत, तेच मला खुपायचं. सिनेमा सांगलीला लागल्याचं कळलं तशी मी हट्ट धरला.

पेट्रोलच्या टंचाईत मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की ड्रायव्हर ओरडे, "गडीमाणसं खाली उतरा!" असल्या मोटारीने जाणार असाल तर पांढरं लुगडं नेसू नका, काजळी बसते. कराडला यांनी गरम भजी आणून दिली.

"खा की. तोंड का असं?"

"तिलाबी आणली व्हती का?"

"कुणाला?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. भजी मात्र सगळी खाल्ली.

दुपारी कृष्णेचा पूल ओलांडून सांगलीत शिरलो. थिएटरात बायकांची जागा वेगळी. पडद्यावरचा कारखाना देवघरासारखा स्वच्छ. कामगार गात गात घण मारत होते. नटी डबा घेऊन आली, पदराला डाग नाही. यांचे तेलकट कपडे धुताना माझी बोटं सोलतात, ते तेल गेलं कुठं?

मग हे दिसले. नटी अगदी खेटून उभी. पण यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मान कलती करून फिरत्या लोखंडाकडे बघत होते, ओठांवर बारीक हसू. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

शेजारची बाई म्हणाली, "ह्यो गडी कोन गं? लय जीव लावून काम करतोय."

"माझा हाय," मी म्हणाले. तिला ते खरं वाटलं नाही.

सिनेमा सुटल्यावर कृष्णेच्या घाटावर बसून भाकरी सोडली. मी विचारलं, "आवं, मशीनकडं बघून हसत का व्हता?"

"हसत व्हतो?" हे ओशाळले. म्हणाले, "हत्याराची धार नीट लागली की आवाज बदलतो. मग येतं आपसूक."

"मला नेऊन दावा."

साताऱ्याला परतल्यावर कामाची पाळी सुटल्याची वेळ साधून, मुकादमाला विचारून यांनी मला आत नेलं. अंधार, उकाडा, जळक्या तेलाचा वास, चपलेत लोखंडाचा कीस. यांनी मशीन सुरू केलं, माझा हात धरून त्याच्या चाकाच्या मुठीवर ठेवला आणि हलकेच फिरवला. लोखंडाची साल वळत वळत निघाली. एकाएकी खरखर थांबून बारीक, गोड आवाज लागला. मला हसू आलं.

यांनी ते पाहिलं. "आता कळलं?"

कळलं होतं. नटीवरचा राग सांगलीतच राहिला होता. त्या लेथचा मत्सर मात्र त्या दिवसापासून दुप्पट झाला.