वन्संचं अर्धं रिकामं कपाट

सकाळचा चहा गाळत होते, तेव्हा वडीगोद्रीहून फोन आला. वन्संच्या शेजारची रुक्मिण बोलत होती. "काकू, मास्तरीणबाई उठून न्हाई राह्यल्या हो..." हातातली गाळणी तशीच धरून मी उभी राहिले. इरा, नील, जिला तुम्ही वडीगोद्रीची आजी म्हणता ती माझी नणंद झोपेतच गेली. तुमच्या बाबांनी लिऑनहून पहिलं काय विचारलं असेल? "आत्याला काय नेसवलंय?" निळी, मी म्हटलं. दुसरी कोणती असणार...

त्या निळ्या साडीची गोष्ट तुझ्या जन्मापासून सुरू होते, इरा. तुझ्या आईच्या बाळंतपणाला आम्ही दोघी लिऑनला आलो होतो. वन्संची बॅग साड्यांनी इतकी फुगली होती की विमानतळावर माझे डिंकाचे लाडू बाहेर काढावे लागले. खालच्या मजल्यावर जानीन नावाच्या वयस्कर फ्रेंच बाई राहायच्या. रोज तोच गडद निळा कोट, पण कधी आत पांढरा शर्ट, कधी गळ्यात तांबडा रुमाल, आणि बाई कुठेही निघाल्या तरी नीटनेटक्या. एकदा त्यांनी कॉफीला बोलावलं. वन्संना कुठे भीड! त्यांनी खुणा करकरून बाईंना कपाटच उघडायला लावलं.

"वहिनी, अर्धं कपाट रिकामं हाय की! गरीब हाय का हो ही?"

मी याचं भाषांतर अर्थातच केलं नाही. एवढेच कपडे का, असं तेवढं विचारलं. जानीनबाई हसल्या. तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं ते असं, की कोणताही कपडा काढला तरी त्याचं बाकीच्यांशी जमलं पाहिजे. कापड चांगलं हवं, शिवण अंगाबरोबर हवी, आणि जो घातल्यावर आरशात आपणच दिसतो, तोच ठेवायचा.

जिना चढून आम्ही वर आलो. दारापाशी थांबून वन्सं म्हणाल्या, "माझ्या कपाटात माझी एक बी साडी न्हाई वहिनी. समद्या लोकांनी देल्या."

खरं होतं ते. त्या ऐन तरुणपणी विधवा झाल्या. तेव्हापासून प्रत्येक लग्नात त्यांना आहेराला फिकट साडी यायची, पिस्ता नाहीतर मातकट. शाळेत शिकवायला त्या तीच नेसून जात. स्वतःसाठी रंग निवडायचं कुणी त्यांना सुचवलं नाही, मीसुद्धा नाही.

परत आल्यावर आम्ही वन्संचं कपाट पलंगावर ओतलं. माझ्या साड्या ऋतूप्रमाणे लावलेल्या, प्रत्येक थप्पीला चिठ्ठी. त्यामुळे हे काम मला मनापासून आवडलं. बहुतेक साड्या वाटल्या. मग जालन्याच्या बाजारात दुकानदार एकामागून एक साडी उलगडत होता आणि वन्सं एकच विचारत होत्या, "ही माझ्या तांबड्या ब्लाउजवर चालंल का? अन् काळ्यावर?" शेवटी घरी आली एक गडद निळी सुती, एक मोतिया बारीक काठाची, एक राखाडी रेशमी. ब्लाउज तांबडा, काळा, मोतिया. कुठल्याही साडीवर कुठलाही घाला.

रुक्मिण म्हणाली, "फ्रान्सला जाऊन आल्या अन् एका साडीवर आल्या, बाई!"

"एका न्हाई गं. पण हायेत त्या बराबर हायेत."

खरी अडचण आहेराची होती. साडी घेतली तर कपाट पुन्हा भरणार, नाकारली तर देणाऱ्याचा अपमान. शहागडला माझ्या पुतण्याच्या लग्नात विहिणीने पुन्हा पिस्ता रंगाचीच दिली. वन्सं आतल्या खोलीत गेल्या, ती नेसून आल्या, तिच्यातच जेवल्या. मग पुन्हा निळी नेसून त्यांनी पिस्ता साडी घडी घालून विहिणीच्या धाकट्या मुलीच्या हातात ठेवली. "घडी मोडून देली बाई. तुला लई खुलंल."

मांडवातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे नवी साडी पहिल्यांदा एखाद्या आवडत्या बाईला नेसायला देतात, त्याला घडी मोडणं म्हणतात. पण लग्नघरातल्या मुलीसाठी विधवेच्या हातून घडी मोडून घेत नाहीत. वन्सं आनंदाच्या भरात हे साफ विसरल्या होत्या. विहिणीचा चेहरा पाहून त्यांना आठवलं. "चुकलं माझं..." म्हणत त्यांनी साडीला हात घातला.

मुलीने ती सोडली नाही. "देली ना आता? मंग परत कशाला घेऊन राह्यल्या, आत्या? पिन हाय का कुणाकडं?"

मग विहिणीने स्वतःच्या खांद्यावरची पिन काढली आणि लेकीला दिली.

त्यानंतर वडीगोद्रीच्या बायका नवी साडी घेऊन वन्संच्या दारात येऊ लागल्या. "मास्तरीणबाई, जरा नेसून द्या की." वन्सं ती नेसून हायवेच्या दुकानापर्यंत चक्कर मारून यायच्या आणि परत करायच्या. कपाट मात्र अर्धं रिकामंच राहिलं.

तेराव्यानंतर मी ते उघडलं. खालच्या कप्प्यात एक कोरी निळी साडी होती. इरा, ती तुझी. उन्हाळ्यात तू येणार म्हणून त्यांनी आणली होती, आणि तुझ्या पांढऱ्या शर्टावरही नेसता येईल अशीच पाहिजे, असं दुकानदाराला बजावलं होतं. मला फोनवर म्हणाल्या होत्या, "घडी मी मोडते, मंग पोरीला देऊ."

रुक्मिण म्हणाली, "कोरी हाय, देवीला वाहून टाका." मी नाही म्हटलं आणि साडी घरी आणली.

आज सकाळपासून ती मी नेसले आहे. वन्संचा तांबडा ब्लाउज मला होत नाही, म्हणून माझा पोपटी घातलाय. त्यांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. हीच नेसून भाजी आणली, हीच नेसून हे लिहिते आहे. उद्या ती टपालाने निघेल. मी रुमालसुद्धा इस्त्री करते, हे तुम्हाला माहीत आहे. या साडीला गुडघ्यापाशी चुण्या पडल्यात. त्या तशाच पाठवते आहे.