मामीने ओळखलेली पानं

माझी पीएच.डी. कॉम्प्युटर सायन्सची, पण काम होतं संत्र्याच्या पानांवर. मोबाईलने पानाचा फोटो काढायचा आणि प्रोग्रामने रोगाचं नाव सांगायचं, असा तो विषय. नागपूरच्या आमच्या लॅबमध्ये मशीनं चांगली होती, पानं मात्र नव्हती. पानं होती माझ्या मामाजींकडे. सौंसरच्या पुढे, बोरगावजवळ त्यांची बाग आहे.

दोन वर्षं मी जवळजवळ दर शनिवारी नागपूरहून गाडीने पांढुर्ण्याला घरी यायची आणि रविवारी सकाळच्या बसने बोरगावला जायची. मामाजी पाण्याच्या, मजुरांच्या मागे असायचे. माझ्यासोबत बागेत फिरायची ती मामी. ती पान तोडून पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवायची, मी फोटो काढायची, ती रोग सांगायची, मी टाइप करायची. खैऱ्या, कोळशी, नागअळी. पिवळ्या पानाशी मात्र ती थांबायची. पान उजेडात धरायची. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असेल तर झिंकची कमी, म्हणजे फवारणी करून झाड सुधारतं. पिवळेपणा कसाही, ठिगळासारखा पसरला असेल तर ग्रीनिंग, म्हणजे झाड काढावंच लागतं. मामी आठवी शिकलेली. एकाही पानाला तिने दिलेलं नाव मी नंतर बदललं नाही. बदलण्याइतकं मला कळतच नव्हतं.

पेपर लिहिताना मी लिहिलं की पानांचं वर्गीकरण विषयतज्ज्ञांनी केलं. तज्ज्ञ कोण, हे लिहिलं नाही. मामी म्हणून कसं लिहिणार, असं तेव्हा वाटलं होतं. पेपर स्वीकारला गेला. शंभरातली जवळजवळ सगळी पानं माझा प्रोग्राम बरोबर ओळखत होता. बाबांनी पांढुर्ण्यात ओळखीपाळखीत पेढे वाटले. मी मामाजींच्या मोबाईलवर प्रोग्राम टाकून दिला. ते आल्यागेल्याला दाखवायचे, "आमच्या भाचीनं बनवलं."

त्यानंतर काही महिन्यांनी, थिसिसची आकृती करायला फोटो चाळत होते तेव्हा माझी चूक मला दिसली. आम्ही एकेका झाडाची वीस-तीस पानं घेत होतो. सगळे फोटो एकत्र करून मी त्यांतले काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले होते. त्यामुळे एकाच झाडाची पानं दोन्हीकडे गेली होती. मुलांकडून जे प्रश्न घोटून घेतले तेच पेपरात यावेत, तसं. प्रोग्राम रोग ओळखत नव्हता, ओळखीचं झाड ओळखत होता. नव्या झाडासमोर तो काय करेल, हे मला ठाऊक नव्हतं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. थिसिस जमा करायला तीन महिने होते. मी फोल्डर बंद केलं आणि आकृती तशीच काढली.

महिनाभराने मामाजींचा फोन आला. नाल्याकडच्या नव्या पट्ट्यातली अकरा झाडं पिवळी पडली होती. त्यांनी मोबाईल धरला, त्याने ग्रीनिंग सांगितलं.

"बाई, हे बराबर सांगून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मागून मामीचा आवाज आला. ती त्यांना म्हणत होती, "झिंक कमी पडलं हाये म्हणून सांगा तिले." मी ते स्वच्छ ऐकलं. नाही म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. मग पेपर, माझ्या गाईड मॅडम, थिसिसची तारीख, सगळंच निघालं असतं.

"हो मामाजी," मी म्हटलं, "बहुतेक बराबरच असते ते."

त्यांनी झाडं काढली.

दिवाळीत आई भाऊबीजेला बोरगावला गेली, तेव्हा मीही गेले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मामाजी ओसरीतच वाकले, तशी मी मागे सरकले. त्यांना वाटलं मी लाजले. आई हसली. शिकल्यासवरल्यावर रीत सोडायची नसते, असं काहीतरी म्हणाली.

दुपारी मामी मला नाल्याकडे घेऊन गेली. अकरा खड्डे होते. धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला, शेजाऱ्याची झाडं होती, त्याच नर्सरीतून एकाच दिवशी आणलेली. तीही पिवळी पडली होती, मामी म्हणाली. त्याने झिंक फवारलं. आता ती हिरवीगार उभी होती.  तिने नुसतं दाखवलं आणि ती परत निघाली.

स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटायला बसली तेव्हा मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तिला प्रोग्राम कळला नसेल, पण बाकीचं कळलं.

"फोन आला तवा तुले मालूम होतं?"

"हो."

तिने तव्यावरची पोळी उलटली. म्हणाली, "मामाजीले तूच सांग. मी नाही सांगत."

मी सांगितलं. ते खाटेवर बसून होते. पूर्ण ऐकून घेतलं. रागावतील, काही बोलतील, म्हणून मी उभीच राहिले. त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "मंग हे काढून टाक." मी त्यांच्यासमोर प्रोग्राम काढून टाकला.  एवढं साधं काम मला दोनदा करावं लागलं.

नागपूरला येऊन मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या की आधी आली असतीस तर ही दुरुस्ती होती, आता ही कबुली आहे. पेपर मागे घेतला. झाडं वेगवेगळी करून, एका झाडाची सगळी पानं एकाच बाजूला ठेवून, मी सगळं काम पुन्हा केलं. त्यात सव्वा वर्ष गेलं. खैऱ्या आणि नागअळी प्रोग्रामने ठीकच ओळखली. पिवळ्या पानांवर तो इतका चुकला की त्याच्या भरवशावर कुणाला झाड काढायला सांगावं, असं काही उरलं नाही. तेही थिसिसमध्ये लिहिलं. वर्गीकरण कुणी केलं तेही लिहिलं: संशोधकाची मामी, संत्रा बागायतदार, शिक्षण आठवी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की ही व्यक्ती विश्वासार्ह कशावरून. मी त्यांना नाल्याकडच्या अकरा झाडांचं सांगितलं. 

पदवी मिळाली. बाबांनी दारावरची पाटी बदलून घेतली. त्यांना मी अजून सगळं सांगितलेलं नाही. उशीर झाला तो मॅडममुळे, असंच ते लोकांना सांगतात, आणि मी शेजारी बसून ऐकते.

बोरगावला जाणं होतं. मामाजी नोकरीचं विचारतात, लग्नाचं विचारतात, येताना पिशवीभर संत्री देतात. नाल्याकडे नवी कलमं लागली आहेत. त्यांतल्या एखाद्याचं पान कसं दिसून राहिलं, हे ते मामीला विचारतात. मी तिथेच बसलेली असले तरी.