गिरणीतल्या पाळण्यांचं बारसं

सोमवारी सकाळी आमच्या गिरणीत पाळणे आले... हातगाडीवरून, नवे कोरे, लाकडाला अजून पॉलिशचा वास.

मी रिळाच्या खात्याची नायकीण. सुताच्या लडी करायचं आमचं काम. भोंगा झाला की बायकांची हजेरी घ्यायची, बदलीवाल्यांना रिकामे साचे, म्हणजे यंत्रं, वाटून द्यायची, भांडणं मिटवायची, आणि माल कमी भरला तर संध्याकाळी खात्याच्या मास्तरांची बोलणी खायची. खातं माझं, म्हणून बायकांच्या पोरांचा घोरही मलाच.

पोरं कुठं असतात? साच्यांखाली, कापसाच्या टोपलीत! सकाळी आया त्यांना अफूची बाळगोळी चाटवतात, मग दिवसभर हूं की चूं नाही. मी ओरडून ओरडून थकले. पण घरी बघायला कुणी नसेल तर बाईनं करावं तरी काय? म्हणून त्या पाळण्यांकडे बघून मला फार बरं वाटलं.

आणि तिथंच माशी शिंकली. शेजारच्या खोलीत पोरांसाठी काढलेल्या पाळणाघरावर नेमलेल्या डॉक्टरीणबाई सात रस्त्यावरून टांग्यातून आल्या. बाई पुण्याकडच्या, ख्रिस्ती, स्वभावानं भल्या. पाळणे किती हलके झुलतात ते दाखवायला त्यांनी एकेक करून सगळे हलवले... रिकामेच!

आमच्यात रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. बाळाला बाधतं म्हणतात. बायका झटकन मागं सरल्या, एकीनं तर पोराच्या तोंडावर पदरच ओढला.

त्यानंतर पाळणाघराच्या खोलीत एक पोर गेलं नाही. कारण सांगितलं, तर "काय या अडाणी बायका!" असं डॉक्टरीणबाई मला ऐकवून गेल्या. मला राग आला... बायकांचा आला आणि बाईंचाही.

बुधवारी दुपारी गोदा बाळाला पाजायला बसली. ही मोडनिंबाकडची. नवरा खोकल्यानं गेला, शुक्रवार पेठेत एका खोलीत मायलेक दोघंच राहतात. तिनं बाळाला छातीशी धरलं, तर ते ओठच हलवेना.

"अक्का, उटंना की ह्यो!" साच्यांच्या खडखडाटात तिचं ओरडणं शेजारणीलाही ऐकू गेलं नसेल. तिचं तोंड बघूनच मी धावले.

डॉक्टरीणबाई पळत आल्या. बाळाच्या छातीला कान लावला, पण त्या आवाजात ऐकू काय येणार? मास्तरांना न विचारताच मी साच्यांचे पट्टे उतरवायला सांगितले. सगळं खातं थांबलं. भर कामाच्या वेळी आमचं खातं इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं...

"श्वास आहे," बाई म्हणाल्या. मग बाळाला बाहेर ओसरीवर नेलं. तळपायाला टिचक्या मार, तोंडावर पाणी शिंपड, खांद्यावर घेऊन फिरव... त्यांनी त्याला झोपू म्हणून दिलं नाही. उन्हं कलताना ते रडलं एकदाचं. गोदानं त्याला तिथंच ओसरीवर पाजायला घेतलं, आणि मला रडू आवरेना.

खातं थांबवलं म्हणून मास्तरांनी मला झाडलं ते झाडलंच. वर मोठ्या साहेबांचा हुकूम आला... शुक्रवारपासून साच्यांखाली पोर दिसलं, तर त्या आईला काम नाही.

"काम सोडते अक्का," गोदा म्हणाली. "पन त्या हालवलेल्या पाळन्यात न्हाई घालायची. मला ह्यो येकच हाय की."

काम सोडून ती जाणार कुठं? दुसऱ्या गिरणीत. तिथं पुन्हा टोपली, पुन्हा गोळी. एकदा वाचलेलं पोर दुसऱ्यांदा वाचेलच असं थोडंच आहे?

शुक्रवारी घरातून निघताना मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि खणात गुंडाळून घेतला. बारशाला आपण पाळण्यात आधी वरवंटा निजवतो, मगच बाळ. जे काही वाईट असेल ते दगडानं घ्यावं. बारसं पोराचं होतं, तर पाळण्याचं का नको?

पण बारशाला समोर दुसरी बाई लागते. एकीनं पाळण्यावरून द्यायचा, दुसरीनं घेऊन खालून परत द्यायचा. बायका सगळ्या पाळणाघराच्या दाराशी उभ्या, एकही आत पाऊल टाकेल तर शपथ! मी वरवंटा हातात धरून एकटीच उभी...

तेव्हा डॉक्टरीणबाई हातातलं घड्याळ काढून पाळण्याच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"सोमवारी चूक माझी झाली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "द्या इकडे. कसा धरायचा तेवढं सांगा."

सांगावं लागलं नाही. बाळाच्या मानेखाली धरावा तसा त्यांनी दगडाखाली हात धरला. त्यांच्या पांढऱ्या स्वच्छ चादरींवर आम्ही एकेका पाळण्यात वरवंटा निजवला. दारातलं कुणी हसलं नाही.

शेवटच्या पाळण्यातून वरवंटा काढला तेव्हा गोदा आत आली. बाळाला तिथं ठेवलं. मग पदराची गाठ सोडली, आतली गोळी काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली.

त्या दिवशी तिच्या हातून सूत सारखं तुटत होतं. मी काणाडोळा केला. थोड्या थोड्या वेळानं ती मान वर करून खुणेनंच विचारायची... काय करतोय? मी पाळणाघरात डोकावून आले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "रडतोय गं! भोकाड पसरलंय नुसतं!"

गोदा हसली. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या खोलीतून रडणं ऐकू आलं की आमच्या बायका एकमेकींना सांगतात, "जागं हाय." डॉक्टरीणबाईंचे उपकार मानायचे राहूनच गेलेत... आणि माझा वरवंटा त्यांनी अजून परत दिलेला नाही. मीही मागितलेला नाही. घरी चटणी शेजारच्या पाट्यावर वाटते.