मागचे झाकण उघडणारे घड्याळ

आमच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सारे घड्याळकाका म्हणत. पत्नी निवर्तल्यावर दुकान व त्यामागची एक खोली एवढाच त्यांचा संसार उरला होता. मागच्या खोलीत रेंज येत नसे, म्हणून मोबाइल कायम दुकानातील टेबलावर असे. एकुलती एक लेक दूरदेशी होती. ती दर रविवारी दुपारी बारा वाजता फोन करी. पावणेबारापासून काका टेबलावरील चिमटे एका रेषेत लावीत बसत. त्या वेळी गिऱ्हाईक आलेले त्यांना खपत नसे.

दोन वर्षांपूर्वी लेकीने स्मार्टवॉच पाठविले. नाडी, झोप, पावले, सारे तिला तिकडे दिसू लागले. ती निर्धास्त झाली आणि फोन विरळ होत गेले. "आकडे छान आहेत, बाबा," एवढा निरोप मात्र येई.

दुरुस्त झालेले ऑटोमॅटिक घड्याळ काका एका संथ फिरणाऱ्या चक्रावर टांगीत. मनगटाच्या हालचालीवर ते नीट चालेल की नाही, याची परीक्षा तेथे होई. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी अंगात कसकस असताना त्यांनी स्मार्टवॉच उतरविले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्याच चक्राला अडकविले. पुढे तीन दिवस ते मागच्या खोलीत तापाने फणफणत पडून होते. चौथ्या दिवशी मी दार ठोठावले, तेव्हा भिंत धरीत आले. टेबलावरच्या मोबाइलवर लेकीचा निरोप होता : "रोज अठरा हजार पावलं? कमाल आहे बाबा तुमची."

"बघा," काका मला म्हणाले, "मेलो असतो तरी चालतच राहिलो असतो."

हसावे की नाही, हे मला ठरविता आले नाही.

बरे झाल्यावर ते मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेले. मी सोबत होतो.

"हे आकडे थेट लेकीकडे जातात ना?"

"आधी कंपनीकडे, काका. मग ताईंकडे."

"माझ्या झोपेशी कंपनीचं काय देणंघेणं?"

"तुम्ही मान्य केलेल्या अटींत लिहिलंय की."

"एकोणचाळीस पानं? मी घड्याळजी आहे बाई, वकील नाही."

बाईंनी दुसरे, साधेसे घड्याळ पुढे केले. "यातलं सॉफ्टवेअर कुणालाही उघडून वाचता येतं, बदलता येतं. ओपन सोर्स म्हणतात. नोंदी घड्याळातच राहतात."

"म्हणजे मागचं झाकण उघडणारं."

"तसंच समजा. पण ताईंना मग काही दिसणार नाही."

"बांधा," काका म्हणाले.

परतताना मी विचारले, "आणि तरीही फोन आला नाही तर?" काका नव्या घड्याळाचा पट्टा एक भोक आवळून पुढे चालू लागले.

त्या रविवारी मी त्यांच्यासमोर बसलो होतो. बारा वाजून गेले. काकांनी चिमटे दोनदा लावले. बारा चाळीसला फोन वाजला. तो त्यांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा, तीन दिवस तुमचं काहीच दिसत नाहीये. घड्याळ काढलंत?"

"डब्यात ठेवलंय. आता तुला विचारावं लागेल."

"काय विचारू?"

तो टोमणा नव्हता. तिला खरोखरच सुचत नव्हते.

"जेवलात का, असं विचार."

"जेवलात, बाबा?"

"नाही अजून."

"मग जेवा ना. मी आहे फोनवर."

ताट रेंज नसलेल्या मागच्या खोलीत झाकून ठेवलेले होते. काका जागचे हलले नाहीत.

"जेवतोय," ते म्हणाले, आणि एक घास चावायला लागावा तेवढा वेळ थांबून त्यांनी विचारले, "तू काय केलंस आज?"

मी उठलो आणि बाहेरून दार हळूच ओढून घेतले.