शिलेचं पांढरं कापड

सकाळी साडेसातला एम्रेचा फोन आला. हात कणकेने भरलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. "आंटी, मदर इज गॉन," तो म्हणाला. मग म्हणाला, "ती म्हणाली होती, तुमच्याकडे तिची एक पिशवी आहे. आहे ना?" मी म्हटलं, "आहे रे. कपाटात आहे. घेऊन येते." आणि लाज वाटते सांगायला, पण नेर्मिनबाई गेल्या हे मनात नीट उतरायच्या आधीच मला हायसं वाटलं. 'आहे' म्हणता आलं, म्हणून. असं का वाटलं, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. दीड महिना उलटलाय, आता सांगायला हरकत नाही.

दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये त्या बरोबर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या तुर्कस्तानच्या. नवरा वारल्यावर एम्रेने त्यांना इथे आणलं. तो, त्याची बायको, लहान मुलगी आणि या. आमची ओळख झाली ती भांडणातून. रोज दुपारी डोक्यावर खट् खट्, खट् खट्... आठवडाभर सोसलं आणि मग तणतणत वर गेले. दार उघडलं तर बेडरूममध्ये चक्क हातमाग! पलंग भिंतीला सरकवलेला आणि मागामागे एक ठेंगणी, गोरीपान बाई, हातात धोटा. माझं तणतणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "कोमशू, यू स्लीप व्हॉट टाइम? आय वर्क अदर टाइम." कोमशू म्हणजे शेजारीण. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. थोडं इंग्रजी, थोडी वॉचमनकडून उचललेली हिंदी, बाकी हातवारे, एवढ्यावर आमची अकरा वर्षं झकास निभावली.

शिले हे त्यांचं गाव काळ्या समुद्राकाठचं, आणि हे कापड तिथलं. सुताला पिठाची खळ द्यायची, वाळवायचं, विणायचं आणि मग समुद्राच्या पाण्यात धुऊन वाळूवर पसरायचं. खळ निघून जाते, सूत आखडतं आणि कापडभर बारीक सुरकुत्या उमटतात. याला इस्त्री करतात का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. नळाचं पाणी त्यांना चालायचं नाही. दुबईच्या बीचवर लोकांच्या अंगाचं तेल तरंगतं म्हणे, म्हणून आम्ही थेट तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या समुद्रावर जायचो. शनिवारी सकाळी श्रीकांत, माझा नवरा, गाडीची किल्ली फिरवत ओरडायचा, "यल्ला, चला, धोबीघाट!" आणि त्या मागच्या सीटवर ओलं कापड ठेवायला टब मांडीवर घेऊन बसायच्या.

एकदा त्यांनी एक पिशवी आणून दिली. आत धुतलेलं, घडी घातलेलं पांढरं कापड. "तुझ्या घरी राहू दे. मागेन तेव्हा दे." कशाचं, कशासाठी, काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पुढे वर्षाने माझी मुलगी सायली बाळंतपणाला आली. आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी काही आणून ठेवत नाहीत. एक झबलं नाही, एक लंगोट नाही. सायली चिडायची, "आई, धिस इज सो इम्प्रॅक्टिकल!" मी ऐकलं नाही. आणि बाळ आलं तीन आठवडे आधी! घरात चिंधीसुद्धा नाही. कपाट उघडलं तर समोर ती पिशवी. इतकं मऊ कापड... नंतर सांगू, त्या काय नवीन विणतील, असं म्हणत मी कात्री चालवली. सहा दुपटी झाली, उरलेल्याचे लंगोट. नंतर सांगायचं ते राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलंच.

चार वर्षांनी नेर्मिनबाईंच्या पोटातलं दुखणं कळलं. एका दुपारी खाली आल्या, सोफ्यावर बसल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "ती पिशवी सांभाळून ठेव हं. माझं कफन आहे ते. मी स्वतः विणलंय. एम्रे बघवत नाही म्हणतो, रडतो, म्हणून तुझ्याकडे दिलं." दुसऱ्याची ठेव कापली हे एक, आणि माझी नात ओवी, जन्मल्या दिवसापासून कफनात गुंडाळलेली! मी मान डोलावली. पुढचे आठ दिवस लिफ्टमध्येही त्यांच्यासमोर यायचं टाळत होते. जेवण जाईना. शेवटी श्रीकांत म्हणाला, "त्या बाईंकडे वेळ कमी आहे. तू तो असा वाया घालवू नकोस." मग एक जुनं दुपटं घेऊन वर गेले आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं.

त्यांनी दुपटं हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. कोपऱ्यावरचा हळदीचा डाग बघितला. "बेबी ने... इस पे पिपी किया?" मी म्हटलं, "बहुत बार." आणि बाई अशा हसायला लागल्या की पोट धरून आडव्या झाल्या! मी रडतेय आणि त्या हसतायत. मग म्हणाल्या, "तुम्ही येणाऱ्याची तयारीच करत नाही आणि मी जायची करून बसले. आपण दोघी वेड्या, कोमशू. कपडा है. पहेना, अच्छा हुआ." इतकं मोकळं मला आयुष्यात क्वचित वाटलंय. पण दुसऱ्या दिवशी माग पुन्हा सुरू झाला तेव्हा मीच वर गेले आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसले. त्या दहा मिनिटं विणायच्या, वीस मिनिटं पडायच्या. हे पुरं होईल ना, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात. झालं! पाण्यात त्यांना जाववेना, तर त्या गाडीत काच खाली करून बसल्या आणि मी गुडघाभर समुद्रात. "और हिलाओ! सो गई क्या?" अशा ओरडत होत्या. वाळल्यावर ते पुन्हा त्याच पिशवीत माझ्या कपाटात गेलं आणि फोन आला त्या दिवशी मी ते एम्रेच्या हातात दिलं. बायकांनी आंघोळ घालून त्यांना त्यातच गुंडाळलं.

परवा एम्रे खाली आला. मागावर हातभर विणून राहिलेलं होतं, ते त्याने पुढे न्यायला घेतलं म्हणे. आईचं बघून लहानपणी शिकला होता. चार आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर बसायचा. "आंटी, धुवायचं कसं? ते तिने मला कधी शिकवलं नाही." शनिवारी आम्ही निघालो. पँट दुमडून तो पाण्यात उभा राहिला आणि मी काठावरून ओरडत राहिले. कापड वाळूवर पसरल्यावर कितीतरी वेळ तो त्यावरून हात फिरवत होता. वाळलं तेव्हा त्याने घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. "हे माझं. तुमच्याकडे ठेवाल? घरी ठेवलं तर माझी मुलगी रडेल." मी घडी हातात घेतली. तसा तो म्हणाला, "अँड आंटी, प्लीज... नो सिझर्स."

म्हणजे बाईंनी लेकाला सांगितलं होतं तर! आम्ही दोघं त्या वाळूत बसून किती हसलो. घरी आल्यावर कपडेसुद्धा बदलले नाहीत, आधी सायलीला फोन लावला आणि कपाटात कोणतं कापड आहे, कुणाचं आहे आणि कशासाठी आहे, ते तिला नीट सांगितलं.